हंगामी फळं-भाज्या शिकवायला अंगणवाडीताई आणि गुरुजींना कसं तयार करावं: सोलापूरसाठी आराखडा

बहुतेक अंगणवाड्यांच्या भिंतीवर फळांचा एक छापील तक्ता असतो. त्यात सफरचंद, स्ट्रॉबेरी, अननस, किवी ही मंडळी पहिल्या ओळीत. बोर नसतं, सीताफळ असलंच तर कोपऱ्यात, वाळूक आणि शेंदाड तर नाहीतच. भाज्यांच्या तक्त्यात फुलकोबी आणि ढोबळी मिरची ठळक. चुका, अंबाडी, तांदुळजा गायब. हा तक्ता पाठ करून घेतला की विषय संपला, अशी सवय लागली आहे. प्रशिक्षण घ्यायचं ते ही सवय मोडायला. जीवनसत्त्वं आणि पोषणमूल्यं ताईंनी याआधी पुष्कळदा ऐकली आहेत, ती पुन्हा ऐकवून कुणाचा वर्ग बदलत नाही. आपल्या गावच्या बाजारात आत्ता काय आलंय ते ओळखायचं, ते वर्गात न्यायचं आणि मुलांच्या हातात द्यायचं, एवढं जरी ताईंना जमलं तरी पुढचं बरंच काम आपोआप होतं.

हा आराखडा मुख्यसेविका (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका), केंद्रप्रमुख (जवळच्या शाळांच्या गटाचे प्रमुख) किंवा एखाद्या संस्थेतर्फे प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी आहे. 20 ते 25 जणींचा गट, आधी एक बाजारफेरी, मग एक पूर्ण दिवस आणि त्यानंतर दर महिन्याच्या बैठकीतला अर्धा तास, एवढाच पसारा. गट याहून मोठा झाला की मागच्या रांगेतल्या ताई वहीत लिहीत बसतात आणि हाताने काहीच करत नाहीत.

कधी घ्यावं

सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण माह, त्यामुळे असली प्रशिक्षणं त्याच महिन्यात कोंबली जातात. माझं मत विचाराल तर तो महिना टाळा. ताई तेव्हा रॅली, पाककृती स्पर्धा आणि फोटो अपलोड करण्यात इतक्या गुंतलेल्या असतात की शिकायला डोकं रिकामं नसतं.

आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत चांगला काळ डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. कारण आपल्या पावसातच आहे. सोलापूर पर्जन्यछायेत येतं, पावसाचा भर सप्टेंबरात असतो, आणि त्या ओलीवर इथली रब्बी उभी राहते. त्यामुळे आपलं शिवार सर्वांत भरलेलं दिसतं ते थंडीत. तेव्हा हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तुरीच्या शेंगा असतात, पावटा, वांगी, गाजर, मेथी, पेरू, बोरं सगळं एका फेरीत मिळतं, आणि संक्रांत तोंडावर असते. दुसरा पर्याय जुलै-ऑगस्टचा, रानभाज्यांसाठी. मे महिन्यात घेऊ नका. पालेभाजी सुकलेली, ताई उन्हाने दमलेल्या.

पायरी 1: आधी बाजार, मग वर्ग

प्रशिक्षणाच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक ताईने आपल्या गावच्या आठवडी बाजारात तासभर फिरायचं. शहरातल्या ताईंनी लक्ष्मी मंडईत किंवा घराजवळच्या मंडईत. खरेदीसाठी जातो तसं जायचं नाही, विचारपूस करायला जायचं.

बाजारात दोन प्रकारची माणसं बसतात. एक, बाजार समितीतून माल उचलून विकणारे. त्यांच्याकडे कोबीपासून सफरचंदापर्यंत सगळं बारमाही. दुसऱ्या, स्वतःच्या वावरातलं माळवं घेऊन आलेल्या बाया. त्या बहुतेक कडेला, जमिनीवर पोतं अंथरून बसतात आणि त्यांच्यापुढे दोन-तीनच जिनसा असतात, वाटे लावलेल्या. ताईंना या दुसऱ्या ओळीकडे पाठवा. विचारायचे प्रश्न साधे:

मावशी, हे तुमच्याच रानातलं का?
अजून किती दिवस येत राहील?
सर्वांत स्वस्त कधी होतं?
याच्या आधी काय आणत होता, आणि हे संपलं की काय आणणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. त्याच्या उत्तरातून पुढच्या दोन महिन्यांचं कॅलेंडर फुकट मिळतं. आणि हंगाम ओळखायची कसोटी ताईंना एका वाक्यात सांगून ठेवा: वाटा मोठा होतोय, भाव उतरतोय आणि विकणारी जवळच्या गावची आहे, म्हणजे तो माल हंगामाचा.

येताना प्रत्येकीने दोन वस्तू आणायच्या: एक सगळ्यांना माहीत असलेली, एक अशी की जिचं नाव वर्गातल्या निम्म्या मुलांना येणार नाही. प्लास्टिकची फळं आणि थर्माकोलची सजावट दारातच थांबवा.

पायरी 2: आपलं स्वतःचं कॅलेंडर

प्रशिक्षणाच्या दिवशीचा पहिला दीड तास याला द्या. जमिनीवर मोठा कागद पसरून त्यावर एक गोल काढायचा, बारा घरं पाडायची. इंग्रजी महिन्यांखाली मराठी महिने लिहायचे, कारण गावातल्या आज्या "आश्विनात येतं" असंच सांगतात. मग बाजारफेरीतून आणलेली माहिती ज्या-त्या घरात भरायची. ताईंनीच भरायची, प्रशिक्षकाने फक्त अडलं तर बोलायचं.

पडताळणीसाठी ढोबळ चित्र असं. पावसाच्या सुरुवातीला जांभळं येतात आणि आंबा संपत जातो. आषाढ-श्रावणात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू या न पेरता उगवणाऱ्या भाज्या. सोबत भेंडी, गवार, दोडका, कारलं. ऑगस्टच्या अखेरीपासून सीताफळ, जे बार्शीकडच्या बागांतून भरपूर येतं. पाऊस ओसरताना भुईमुगाच्या ओल्या शेंगा, वाळूक, शेंदाड. दिवाळीनंतर करडईची कोवळी भाजी, मेथी, चाकवत, मुळा, आवळा, पेरू. मार्गशीर्ष-पौषात बोरं, गाजर, पावटा, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, ऊस, हुरडा. मग द्राक्षं, चिंच, कवठ, शेवग्याच्या शेंगा. शेवटी कलिंगड, खरबूज, काकडी, कैरी, आंबा.

आता गंमत इथे सुरू होते. कुणीतरी ताई विचारतेच, "मॅडम, डाळिंब कुठल्या घरात लिहायचं? ते तर कायमच असतं." हा प्रश्न आला नाही तर तुम्ही काढा. हंगाम कसा काम करतो हे सांगणाऱ्या इथल्या सर्वांत चांगल्या दोन गोष्टी म्हणजे डाळिंब आणि द्राक्ष, आणि दोन्ही आपल्याच जिल्ह्यात पिकतात.

डाळिंबाचे तीन बहार, म्हणजे फुलण्याचे हंगाम, धरता येतात. जून-जुलैत फुलतो तो मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार, जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार. शेतकरी बागेचं पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानगळ होते, मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. फुलापासून फळ तयार व्हायला साधारण पाच-सहा महिने. कुणी कुठला बहार धरला त्यावर फळ कधी येणार हे ठरतं, म्हणून सांगोला-पंढरपूर-मंगळवेढ्याचं डाळिंब बाजारात पुन्हापुन्हा दिसतं. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आपल्याच सोलापुरात, केगावला आहे. आपल्या पोरांच्या तक्त्यात पहिलं चित्र सफरचंदाचं असावं, हे म्हणूनच मला पटत नाही.

द्राक्षाचं उलट. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. फळछाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी घड तयार होतात, म्हणून द्राक्षं जानेवारी ते एप्रिलच. नान्नज, कासेगाव या भागातल्या ताई तर हे प्रशिक्षकालाच शिकवतील. त्यांना उठून सांगू द्या.

यातून मुलांपर्यंत न्यायचं ते एवढंच: काही झाडं फक्त पावसा-थंडीचं ऐकतात, काहींना माणूस पाणी आणि कात्री वापरून वेळ सांगतो. कांदा-बटाट्याचं गणित वेगळं. ते साठवणीतले, उन्हाळी कांदा चाळीत आणि बटाटा शीतगृहात राहतो, म्हणून बारा महिने दिसतात. सफरचंद उत्तरेकडून येतं आणि हंगाम नसताना तेही शीतगृहातून. उजनीच्या पाण्यावरची करमाळ्याकडची केळी मात्र जवळची आणि बारमाहीही. त्यामुळे कॅलेंडरच्या कडेला तीन रंगांच्या टिकल्या ठेवा: आपल्या शिवारातलं, जिल्ह्यातलं, लांबून आलेलं.

पायरी 3: ताईंनी आधी मूल व्हायचं

आणलेल्या वस्तू कापडी पिशव्यांत घालायच्या. डोळे मिटून हात घालायचा, नाव न घेता वर्णन करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. दोडक्याच्या कंगोऱ्यांसाठी, सीताफळाच्या डोळ्यांसाठी, वांग्याच्या देठावरच्या काट्यासाठी मोठ्यांनाही शब्द सापडत नाहीत. ही अडचण जाणवली की मग ताई मुलांना "सांग बरं, हे काय आहे?" असा एकच प्रश्न विचारून गप्प बसत नाहीत.

याच सत्रात वर्गातल्या भाषांचा विषय घ्या. सोलापूर शहरात एकाच अंगणवाडीत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुलं शेजारी बसतात. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मुलीला अंबाडी समजणार नाही, पण गोंगुरा म्हटलं की ती उड्या मारेल; अक्कलकोटकडचं कन्नड बोलणारं पोर त्याच पाल्याला पुंडी म्हणतं. घरचं नाव चूक नसतं. वस्तू हातात द्यायची, जितकी नावं वर्गातून येतील तितकी फळ्यावर देवनागरीत लिहायची आणि मराठी नाव सगळ्यांच्या शेवटी सांगायचं.

पायरी 4: नमुना पाठ, हरभऱ्याचे ढाळे

यावर सर्वांत जास्त वेळ खर्च करा. शक्य असेल तर जवळच्या अंगणवाडीतली दहा-बारा मुलं बोलवा, नाहीतर निम्म्या ताईंना मुलं करा. पाठ पंचवीस मिनिटांचा.

तीन-चार मुलांत एक असे मुळासकट उपटलेले ढाळे द्यायचे. मुळावरची माती झटकायची नाही. पहिली पाच मिनिटं ताईने काहीही शिकवायचं नाही. मुलं पानं ओढतील, घाटे फोडतील, माती सांडतील. सांडू द्या. (प्रशिक्षणात ताईंना सर्वांत जड जातो तो हा भाग. हात आपोआप झाडूकडे जातो.)

मग विचारायचं: "बोटं चाटून बघा बरं." हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्यातून आंबट द्रव झिरपतो. यालाच आपल्याकडे आंब म्हणतात. पूर्वी पहाटे पिकावरून पातळ फडकं फिरवून दवासोबत ती पिळून घेत आणि पोटदुखीवर देत. मूल बोट चाटतं आणि ओरडतं, "बाई, आंबट हाय ह्ये!" यापुढे त्या झाडाची ओळख पुसत नाही. शेतातून थेट आणलेले, फवारणी नसलेले ढाळेच यासाठी घ्यायचे. बाजारातले घेतले तर आधी धुवायचे. त्यात आंब थोडी जाते, पण चालेल.

पुढे घाटे मोजायचे. एका घाट्यात एक दाणा की दोन, हे आधी सांगायला लावायचं, मग सोलून बघायचं. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी इथेच गणिताचा तास होतो. एखाद्या घाट्यात भोक आणि आत अळी निघते. ती घाटेअळी. ताईने किंचाळायचं नाही. "हिलापण हरभरा आवडतो" म्हणून पुढे जायचं आणि अळी बाहेर सोडायची.

शेवटी चव. सोललेले हिरवे दाणे, सोबत डब्यातून आणलेली हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि भाजलेले फुटाणे. तिन्ही एकाच झाडाचे, हे मुलांना कळायला वेळ लागतो. लागू द्या. पाच वर्षांखालच्या मुलांना फुटाणे फक्त दाखवायचे, खायला दाण्यांचं मऊ शिजवलेलं वाटण द्यायचं.

हाच साचा पुढे कुठल्याही वस्तूला लावता येतो: आधी हात, मग नाक-जीभ, मग प्रश्न, मग मोजणं, मग चव. वय तीन-चार असेल तर पहिल्या दोनांवर थांबा. तिसरीच्या पुढे कॅलेंडरची जोड द्या, "हे कधी पेरलं असेल?" हा प्रश्न द्या.

पायरी 5: काय बोलायचं नाही

हे तोंडी सांगून भागत नाही, दोघी-दोघींची छोटी नाटुकली करून घ्या. एक ताई, एक कारलं न खाणारं पोर.

"खा, नाहीतर बाहेर उभं करीन" हे उघडच चूक. पण "कारलं खाल्लंस तर चॉकलेट देते" हेही तितकंच वाईट. मूल शिकतं ते एवढंच की कारलं ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. नवी भाजी मुलाने स्वीकारायला ती आठ-दहा वेळा तरी समोर यावी लागते, काहींना त्याहून जास्त. वास घेऊन ताटाच्या कडेला ठेवली, तरी ती एक वेळ मोजायची. ताईने स्वतः मुलांसमोर बसून आवडीने खाल्लं तर त्याचा उपयोग भाषणापेक्षा जास्त.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. "काल घरी कोणती भाजी केली होती?" हा प्रश्न सगळ्या वर्गासमोर विचारायचा नाही. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर जाणाऱ्या, ऊसतोडीला आलेल्या घरांतली पोरं वर्गात असतात. काहींच्या घरी काल चटणी-भाकरीच असते आणि ते चार पोरांसमोर सांगावं लागू नये. त्याऐवजी विचारा, "बाजारात काय पाहिलंस?" किंवा "गाड्यावर काय होतं?" बघायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे उत्तर सगळ्यांकडे असतं.

पायरी 6: सणांची गाठ घालायची

इथे फार शिकवावं लागत नाही, ताईंना सगळं ठाऊक असतं. फक्त वर्गाशी जोडून द्यायचं. भोगीची भाजी म्हणजे पौषातल्या शिवाराची यादीच: वांगी, गाजर, पावटा, हरभरा, बोरं, शेंगदाणे, तीळ. आधी वस्तू मांडायच्या, मुलांनी निवडायच्या, मग भाजी शिजवायची. त्याच्या आधी येणारी वेळ अमावास्या, आपल्याकडे येळवस, हा तर शेतात बसूनच जेवायचा सण. त्या दिवशीच्या भज्जीत (शेंगा-भाज्यांच्या मिसळ भाजीत) किती प्रकारच्या शेंगा आहेत हे पाहून यायचं काम मुलांना द्या. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. तिथून आल्यावर गाड्यांवर कोणती फळं दिसली हे विचारा.

रमजानचंही घ्या. तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे इफ्तारच्या ताटातली फळं वर्षागणिक बदलत जातात. चौथी-पाचवीच्या मुलांना घरच्या मोठ्यांना विचारून यायला सांगा: तुम्ही लहान असताना रमजानात कोणती फळं असायची?

पायरी 7: जपायच्या गोष्टी

ही यादी छापून प्रत्येकीच्या हातात द्या.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष द्यायचं नाही, उभं चिरून द्यायचं. घशात अडकतं.
बोर आणि जांभळाची बी आधी काढायची. शेंगदाणे अख्खे नकोत, कूट चालेल.
सीताफळाच्या बिया ताईने मोजून गोळा करायच्या. फुटलेली बी डोळ्याला लागली तर गंभीर इजा होते.
अळूचं कच्चं पान मुलांच्या तोंडापर्यंत जाऊ द्यायचं नाही, घशाला खाज सुटते. कैरीचा चीक पुसून, धुऊनच फोडी करायच्या.
रानभाजी गावातल्या जाणत्या बाईने ओळखून दिलेलीच आणायची. मुलांना "जाऊन तोडून आणा" असं कधीही सांगायचं नाही.
कुणाला काही खाल्ल्याने अंगावर पित्त उठतं का, हे पालकांना आधी विचारून हजेरीपटात खूण करून ठेवायची.

पायरी 8: परसबाग, पण पाण्याचा विचार करून

परसबागेचे फोटो जूनमध्ये निघतात आणि मार्चमध्ये तिथे काटक्या उरतात. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे धरूनच आखणी करा. शेवग्याचं एक झाड, कढीपत्ता आणि लिंबू, ही कमी पाण्यावर तगणारी कायमची झाडं. बाकी वाफा फक्त हात धुण्याच्या पाण्यावर चालेल एवढाच, म्हणजे खाटेएवढा. दिवाळीनंतर मेथी टाकली की महिनाभरात कापणीला येते. पेरणारी मुलंच ती खुडतात. उन्हाळ्यात वाफा रिकामा ठेवा आणि त्या काळात वाळवणाचा धडा घ्या: गवारीच्या शेंगा, मिरची, कैरीच्या फोडी वाळवायच्या, आधी आणि नंतर वजन करायचं. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

पायरी 9: महिन्याची बैठक

प्रशिक्षणाचा दिवस संपला की विषय मागे पडतो. म्हणून बीटच्या (एका मुख्यसेविकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या) किंवा केंद्राच्या मासिक बैठकीतला अर्धा तास आधीच मागून घ्या. प्रत्येक ताईने एक वस्तू आणि अर्धं पान आणायचं: या महिन्यात वर्गात काय आणलं, मुलं काय बोलली. जमलं नाही ते लिहिलेलं असेल तर त्यावर आधी बोला.

वर्गभेटीला गेल्यावर वही तपासू नका. कोपऱ्यात बसून बघा: वस्तू कुणाच्या हातात आहे, ताईच्या की मुलांच्या? प्रश्न कोण विचारतंय? मुलांची परीक्षाही नको. निघताना बाजाराच्या पिशवीतल्या दोन वस्तू पुढे धरा आणि विचारा, "यातलं आपल्या गावात आत्ता कोणतं मिळतं?" उत्तर चुकलं तरी मूल कारण देत असेल तर पाठ बरा चाललाय.

कॅलेंडर पेन्सिलनेच भरा. पाऊस लांबला की हरभरा मागे सरकतो, अवकाळीने द्राक्षाचं वेळापत्रक बिघडतं, दर वर्षी दोन-चार घरं खोडावी लागतात. खोडलेलं पुसून टाकू नका, बाजूला वर्ष लिहा. पुढच्या डिसेंबरच्या प्रशिक्षणाला नव्या ताईंसमोर पहिल्यांदा तोच कागद पसरायचा आहे.